अडगळ आणि ऋण



१९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. त्या दिवशी पुढे आलेल्या डब्यात नाणे टाकले की आपण मोकळे होतो. परंतु कमरेखालचे अंग लुळे पडलेल्या जवानाची लढाई घरी चालूच असते. १९७१ च्या युद्धानंतर, १९७४ साली, पुण्याजवळ खडकीला अशा जवानांसाठी पुनर्वसन केंद्र उभे राहिले. गावी परतलेल्याला मात्र चाकांची खुर्ची, हवेची गादी, कमोड स्वतःच जुळवावे लागते.

घरातला आजारी माणूस गेल्यावर याच वस्तू आपल्या माळ्यावर धूळ खात पडतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करून त्या गरजू घरी पोहोचवाव्यात. पण अडगळ काढली, या भावनेने नव्हे. ज्याच्या त्वचेला संवेदनाच उरली नाही, त्याला फाटक्या बैठकीने झालेली जखम कळतही नाही. म्हणून आधी त्याचे माप विचारावे, ब्रेक व बैठक दुरुस्त करावी, मगच खुर्ची द्यावी.

आणि खुर्ची दिली म्हणून शासनाचे दायित्व संपत नाही. जवानाचा हक्क मागणे हे आपले काम आहे. तो पदरी पडेपर्यंत त्याला अंथरुणाला खिळू न देणे, हेही आपलेच.