आधी दोर, मग आभाळ



पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीला लागून आमचं कारेगाव आहे. आमच्याकडे हेलिकॉप्टर उतरतं ते बहुधा निवडणुकीच्या दिवसांत. त्यासाठी एखादं मोकळं रान बघतात, धूळ उडू नये म्हणून टँकरनं पाणी मारतात, मध्ये चुन्यानं खूण काढतात. पाहुणे उतरून सभेकडे गेले तरी निम्मी गर्दी बांबूच्या कठड्यापाशीच थांबते. अशाच एका गर्दीत वेल्डिंगचं काम करणाऱ्या एका पोरानं मला विचारलं, "चाचा, वर एवढा मोठा पंखा असताना शेपटीला हा बारका पंखा कशाला?" मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण प्रश्न चांगला होता, म्हणून उत्तराच्या मागे लागलो. त्यातून जे हाती आलं, ते आज तुम्हाला सांगतो.

ड्रिल मशीननं लोखंडाला भोक पाडताना बिट अडकलं की मशीनच हातात उलटी फिरू पाहते आणि मनगट पिरगाळतं. हे कारखान्यातल्या पोरांना सांगावं लागत नाही. हेलिकॉप्टरचंही तसंच आहे. इंजिन वरचा पंखा एका दिशेला फिरवतं, तेव्हा खालचं धूड उलट दिशेला फिरू लागतं. शेपटीचा पंखा आडवा जोर लावून त्याला धरून ठेवतो. तो निकामी झाला की चालकासकट सगळं गरगरतं. यावर दुसराही उपाय आहे. दोन पंखे एकमेकांच्या उलट फिरवायचे, म्हणजे ओढ तिथल्या तिथे फिटते.

हा दुसरा उपाय फार जुना आहे आणि तो एका जुन्या खेळण्यातही दिसतो. १७८४ साली फ्रान्समध्ये लोन्वा आणि ब्यँव्हेन्यू या दोघांनी एका काठीच्या दोन टोकांना पक्ष्यांची पिसं खोवली आणि धनुष्याच्या ताणावर ती उलटसुलट फिरवून खेळणं उडवलं. चीनमधली मुलं तर त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून तळहातांत काठी घोळवून बांबूचं भिरभिरं उडवत होती. 'हेलिकॉप्टर' हा शब्द १८६१ साली पाँताँ द'आमेकूर या फ्रेंच गृहस्थांनी ग्रीक शब्द जोडून बनवला. त्याचा अर्थ मळसूत्र आणि पंख. पुढे १८७० मध्ये आल्फाँस पेनो यांनी रबराला पीळ देऊन उडणारं हेलिकॉप्टर केलं. तसलंच एक खेळणं १८७८ साली अमेरिकेतल्या एका पाद्र्यानं आपल्या मुलांसाठी घरी आणलं. थोरला विल्बर अकरा वर्षांचा, धाकटा ऑर्व्हिल सात वर्षांचा. हेच पुढे विमान उडवणारे राइट बंधू.

या मुलांनी त्या खेळण्याच्या नकला केल्या. बारक्या नकला उडाल्या, पण आकार वाढवत नेला तशी ती उडेनाशी झाली. कारण साधं आहे. एखादी वस्तू सगळ्या बाजूंनी दुप्पट केली की तिचं वजन आठपट होतं. छोटं उडालं म्हणून मोठं उडेलच असं नाही, हा धडा त्यांना लहानपणीच मिळाला.

मग माणूस उचलणारी यंत्रं आली. १९०७ मध्ये फ्रान्समधल्या ब्रेगे बंधूंचं यंत्र जमिनीपासून थोडं उचललं, तेव्हा चार माणसं चार कोपऱ्यांना धरून उभी होती. स्पेनचे हुआन द ला सिएर्व्हा यांच्यापुढे वेगळीच अडचण होती. यान पुढे जाताना एका बाजूचं पातं वाऱ्याला सामोरं जातं, दुसऱ्या बाजूचं वाऱ्याबरोबर मागे येतं. एकीकडे उचल जास्त, दुसरीकडे कमी, त्यामुळे यान कुशीवर कलंडतं. त्यांची मोठी यानं अशी कलंडत होती, लहान मॉडेल मात्र नीट उडत होतं. विचार केल्यावर उलगडा झाला. मॉडेलची पाती वेताची होती, वारा जास्त लागला की ती आपसूक लवत. सिएर्व्हांनी मोठ्या पात्यांच्या मुळाशी बिजागरी बसवली आणि जानेवारी १९२३ मध्ये त्यांचं ऑटोजायरो उडालं. या यानाचा वरचा पंखा इंजिनावर नाही, वाऱ्यावर फिरतो. पण दाराच्या बिजागरीसारखी ही युक्ती पुढे हेलिकॉप्टरच्या कामी आली.

कीव्हमध्ये जन्मलेल्या इगोर सिकोर्स्की यांनी तरुणपणी, १९०९-१० मध्ये, दोन हेलिकॉप्टरं केली. त्यांतलं एकही माणसाला घेऊन उडालं नाही. पुढे ते अमेरिकेत गेले आणि विमानं बांधून नावाजले, पण हेलिकॉप्टर मनातून गेलं नाही. १४ सप्टेंबर १९३९ रोजी त्यांचं व्हीएस-३०० जमिनीवरून उचललं, तेव्हा ते दोरांनी खाली बांधलेलं होतं. मोकळं उड्डाण झालं १३ मे १९४० रोजी. म्हणजे मधे आठ महिने गेले. एवढा नाणावलेला माणूस, पण दोर सोडायची घाई त्यानं केली नाही. भारतीय हवाई दलात १९५४ साली पहिलं हेलिकॉप्टर दाखल झालं, ते याच सिकोर्स्कींच्या कंपनीचं एस-५५.

त्याच काळात अमेरिकेतच आर्थर यंग नावाचा गणित शिकलेला तरुण नुसती मॉडेलं उडवत होता. एक-दोन नव्हे, बारा वर्षांहून अधिक काळ. मॉडेल पडायचं, मोडायचं, तो पुन्हा बांधायचा. शेवटी त्यानं पंख्याच्या खाली दोन टोकांना वजनं असलेली एक दांडी बसवली. यान डगमगलं तरी ती दांडी आपली पातळी सोडत नाही आणि पात्यांनाही सांभाळून घेते. १९४१ मध्ये त्यानं तारेनं चालवायचं ते मॉडेल बेल कंपनीला दाखवलं. त्यातूनच पुढे बेल-४७ झालं. नागरी वापराचा परवाना मिळालेलं हे पहिलं हेलिकॉप्टर, मार्च १९४६ मधलं.

गेल्या ईदला माझ्या नातवानं ईदीच्या पैशांतून शिरूरच्या बाजारातून रिमोटचं हेलिकॉप्टर आणलं. मी ते हातात घेऊन न्याहाळलं. एकावर एक दोन पंखे उलटसुलट फिरणारे, म्हणजे १७८४ ची ती पिसं. सगळ्यांत वर दोन टोकांना वजन असलेली बारीक दांडी, म्हणजे आर्थर यंगची बारा वर्षं. सारा इतिहास त्या खेळण्याच्या डोक्यावर बसलेला.

रेडिओ लहरींवर चालणारी मॉडेल हेलिकॉप्टरं नीट ताब्यात आली ती १९७० च्या आसपास, जर्मनीतल्या डीटर श्ल्यूटर यांच्या हातून. हे काम अवघड होतं, कारण मॉडेल उडवणारा जमिनीवर उभा असतो. यानाचा हिसका त्याच्या अंगाला जाणवत नाही, सगळं डोळ्यांनी ओळखावं लागतं. जपानच्या यामाहा कंपनीनं १९८७ मध्ये असं बिनमाणसाचं हेलिकॉप्टर भातशेतीवर औषध फवारायला आणलं. आता आपल्याकडे उसावर फवारणी करणारे ड्रोन दिसतात, ते याच वाटेवरचे.

आता २०२१ सालातल्या तीन गोष्टी सांगतो. १९ एप्रिलला मंगळावर 'इन्जेन्युइटी' नावाचं १.८ किलोचं हेलिकॉप्टर उडालं. त्याचे प्रमुख अभियंता होते आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले बॉब बलराम. पृथ्वीवर त्याची चाचणी घेताना त्याला वरून एका दोरीनं सतत ओढून धरलं होतं, कारण मंगळावर वजन आपल्या तिसऱ्या हिश्शाहून थोडंच जास्त भरतं. मे महिन्यात तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडाला, तेव्हा नौदलाच्या जहाजांबरोबर हेलिकॉप्टरंही लाटांवर माणसं शोधत होती. आणि ऑगस्टमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगी गावात चोवीस वर्षांचा एक तरुण, स्वतः बांधलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना गेला. तो वेल्डिंगचं काम करायचा. शाळा लवकर सुटलेली. मोटारीचं इंजिन, हातानं जोडलेला सांगाडा, इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून घेतलेलं ज्ञान. स्वातंत्र्यदिनाला गावाला उड्डाण दाखवायचं त्याच्या मनात होतं. चाचणीत मागच्या पंख्याचं पातं तुटून वरच्या पंख्यावर आदळलं, आणि तो तुटून त्याच्या डोक्याला लागला.

ती बातमी वाचली तेव्हा आमच्या गावातलं ते पोरगं माझ्या डोळ्यांसमोर आलं. वय तेच, काम तेच, प्रश्नही तोच शेपटीच्या पंख्याचा. काही लोक म्हणाले, शिक्षण नाही तर असले उद्योग करावेत कशाला? मला हे पटत नाही. सिएर्व्हांची पहिली यानंही कलंडलीच होती. त्या तरुणाचं धाडस या इतिहासातल्या कुणाहून कमी नव्हतं. त्याच्याजवळ नव्हतं ते एवढंच, कोपऱ्याला धरून उभी राहणारी चार जाणती माणसं. यंत्र आधी रिकामं बांधून, लांबून फिरवून बघ, पात्याचा जोड तपासून घे, तोवर आत बसू नकोस, असं अधिकारानं सांगणारं कुणी नव्हतं.

आमच्या आजूबाजूला कारखाने आहेत, आयटीआय झालेली पोरं आहेत, निवृत्तीला आलेले कसबी कारागीर आहेत. शाळेतली एक खोली संध्याकाळी उघडी राहिली, तिथे चार मॉडेलं, थोडी हत्यारं आणि आठवड्यातून दोन तास देणारा एक जाणता माणूस असला, तरी पुष्कळ होईल. पोरांनी तिथे शंभर वेळा मॉडेल पाडावं. मॉडेल पडलं तर पातं मोडतं, दुसरं बसवता येतं.

त्या पोराला मी शेपटीच्या पंख्याचं उत्तर दिलं, ड्रिल मशीनचंच उदाहरण देऊन. त्यानं लगेच पुढचं विचारलं, "मग हे छोटं करून बघता येईल का?" अशी पोरं गावोगाव आहेत, श्रोतेहो. तुमच्याही गावात असतील. त्यांनी छोटं करून बघावं, आणि ते बघताना आपल्यापैकी कुणीतरी दोर धरायला जवळ असावं.