काट्याचं खरं की आकाशाचं?
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

‘घड्याळ एकच असेल तर वेळ कळते, दोन असली की शंका येते,’ असं गमतीनं म्हणतात. वेग दाखवणाऱ्या उपकरणांचंही तसंच आहे. माझा सगळा जन्म मोजमापाच्या उपकरणांच्या दुरुस्तीत आणि तपासणीत गेला. पण मोजमापाबद्दलचा सर्वांत मोठा धडा मला मिळाला, तो एका गोठलेल्या तळ्यावर.

२००४-०५चा हिवाळा मी कामानिमित्त अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात काढला. उत्तरेचा, कॅनडाला लागून असलेला हा मुलूख. हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस-पंचवीस अंशांवर जातो आणि राज्यातली हजारो तळी दगडासारखी घट्ट होतात. तिथल्या माणसांचं हिवाळ्यातलं आवडतं वाहन म्हणजे स्नोमोबाईल. पुढं वळण्यासाठी दोन स्की, मागं रबराचा रुंद दातेरी पट्टा आणि वर मोटारसायकलसारखी बैठक. याच राज्यातल्या रोझो नावाच्या लहानशा गावात १९५४ साली पोलारिस कंपनी सुरू झाली. त्यामुळे आपल्याकडे घराघरांत स्कूटर असावी, तशी तिकडे ही गाडी.

माझे घरमालक साठी उलटलेले गृहस्थ होते. तिकडच्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना नावानं हाक मारत असे, पण मनातल्या मनात ते माझे काकाच होते. त्यांनी एक हातात मावणारा जीपीएस घेतला होता. एका संध्याकाळी ते म्हणाले, “तू उपकरणांचा डॉक्टर ना? मग सांग, माझ्या गाडीचा काटा ५२ मैल दाखवतो आणि हे खेळणं ४३. खोटं कोण बोलतंय?”

प्रश्न नुसता गमतीचा नव्हता. मिनेसोटात सरकारी जमिनीवर आणि सार्वजनिक तळ्यांवर स्नोमोबाईलला ताशी ५० मैलांची, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरची मर्यादा आहे. शिवाय बर्फावर गाडी थांबवणं हे काही डांबरी रस्त्यासारखं नसतं.

आम्ही रविवारी तळ्यावर गेलो. शंभर फुटी टेप दहा वेळा टाकून हजार फूट अंतर आखलं आणि दोन टोकांना दोन काठ्या रोवल्या. काका गाडीवर, मी स्टॉपवॉच घेऊन काठावर. वाऱ्यानं दडपून घट्ट झालेल्या बर्फावर त्यांनी काटा ५२वर स्थिर ठेवला. जाताना १३.७ सेकंद, येताना १३.५. हिशेब केला, वेग ५० मैल. जीपीएसही ५०च म्हणत होता. मग काठाजवळच्या भुसभुशीत ताज्या बर्फात तीच फेरी मारली. काटा पुन्हा ५२, जीपीएस ४३!

काटा खोटारडा नव्हता. त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा होता. स्नोमोबाईलचा स्पीडोमीटर पट्टा फिरवणाऱ्या दांड्याचे फेरे मोजतो. पट्टा किती वेगानं फिरतोय एवढंच त्याला ठाऊक. भुसभुशीत बर्फात पट्टा घसरतो, चिखलात रुतलेल्या बैलगाडीचं चाक जागीच फिरावं तसा. पट्टा ५२नं फिरतो आणि गाडी ४३नं सरकते. घट्ट बर्फावर घसरण फारच थोडी. म्हणजे काट्याची चूक ठरावीक नाही. ती पायाखालच्या बर्फावर अवलंबून आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम आहे.

आता जीपीएसकडे वळू. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे तीसेक उपग्रह पृथ्वीभोवती फिरत असतात. त्यातल्या निदान चारांचे संदेश मिळाले, की हातातलं यंत्र आपली जागा ठरवतं. पूर्वी अमेरिकन सरकार नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम गडबड करून ठेवत असे. त्यामुळे जागा शंभरेक मीटरनी चुके. १ मे २०००च्या मध्यरात्री अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशानं ही गडबड बंद झाली आणि पाच-दहा मीटरपर्यंत अचूकता सामान्य माणसाच्या हाती आली.

इथं हुशार माणूस विचारतो, “जागाच पाच मीटरनी चुकत असेल, तर दर सेकंदाला मोजलेला वेग सेकंदाला पाच मीटरनी चुकणार नाही का?” शंका रास्त आहे. पण बहुतेक यंत्रं वेग दोन जागांमधल्या अंतरावरून काढतच नाहीत. फलाटावर उभं असताना शिटी वाजवत येणारी गाडी आठवा. जवळ येताना शिटीचा सूर चढा असतो, पुढं गेली की उतरतो. उपग्रहाच्या रेडिओ लहरींचंही तसंच होतं. त्यांची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे दीडशे कोटी. आपण उपग्रहाच्या दिशेनं सेकंदाला एक मीटर सरकलो, तर तीत फक्त पाचेक कंपनांचा फरक पडतो. पण तो फरक यंत्राला नेमका टिपता येतो. म्हणून मोकळ्या आभाळाखाली, सरळ रेषेत, एकसारख्या वेगानं जाताना हे खेळणं ताशी अर्ध्या किलोमीटरच्या आत बरोबर असतं. माझ्या अंगठ्यानं स्टॉपवॉच दाबताना दोन दशांश सेकंद इकडेतिकडे झाले, तरी पाऊण मैलाची चूक होते. म्हणजे मी तपासनीस म्हणून गेलो होतो, पण माझ्या हातातली फूटपट्टी तपासायच्या वस्तूपेक्षा जाड होती!

तरी जीपीएसला देव मानू नये. त्या काळची यंत्रं सेकंदाला एकदाच आकडा देत. गाडी एकदम पळवली तर आकडा मागं राहतो. ब्रेक दाबला तर थोडा वेळ जास्तच दाखवतो. उंच सूचिपर्णी झाडांखाली संदेश अडतात, कड्यांवर आपटून वाकड्या वाटेनं येतात. अनेक यंत्रं फक्त आडवा वेग धरतात. तीस अंशांच्या उभ्या चढावर ती तेरा टक्के कमी सांगतात. आणि थंडी! साधे सेल तासाभरात मान टाकतात, पडद्यावरचे आकडे आळसावतात. म्हणून यंत्र अंगावरच्या कोटात ठेवावं, तर आपलंच शरीर आभाळाच्या आड येतं.

फेब्रुवारीतल्या एका रात्री काकांचा एकवीस वर्षांचा मुलगा त्याच तळ्यावर गाडी घेऊन गेला. गोठलेल्या तळ्यावर बर्फाचे थर एकमेकांवर रेटले जाऊन बांधासारखे उंचवटे उभे राहतात. काल नसलेला उंचवटा आज असू शकतो. दिव्याच्या उजेडात तो त्याला दिसला, पण उशिरा. गाडी आदळली, तो दूर फेकला गेला, गळ्याजवळचं हाड मोडलं. जिवावरचं हाडावर निभावलं.

इस्पितळातून परतल्यावर खरा भडका उडाला. मुलाच्या कोटाच्या खिशात वडिलांचा जीपीएस होता आणि त्यात ‘कमाल वेग’ नोंदला होता ९७ मैल. काका लालबुंद. मुलगा शपथेवर सांगत होता, “काटा ६२वर होता. आणि तो दहा जास्त दाखवतो हे तुम्हीच मला सांगितलंत. मी पन्नासनंच चाललो होतो.” बाप म्हणे पोरगा खोटं बोलतोय, पोरगा म्हणे बाप माझ्यापेक्षा यंत्रावर विश्वास ठेवतोय. दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोलेना.

तिसऱ्या दिवशी मी ते यंत्र मागून घेतलं. नशिबानं त्यात वाटेची नोंद शिल्लक होती. दर दहा सेकंदांनी एक ठिपका, वेळेसह. शेवटी-शेवटी एक ठिपका तळं सोडून थेट काठावरच्या जंगलात उडाला होता आणि पुढचा परत तळ्यावर आला होता. गाडी काही जंगलात उडी मारून आलेली नव्हती. मुलगा पडला तेव्हा कोटाखाली दबलेल्या यंत्राचा आभाळाशी संबंध तुटला आणि पुन्हा जुळताना जागा चुकली. ९७ हा त्या उडीचा वेग होता, गाडीचा नव्हे. ‘कमाल वेग’ हा आकडा असा फसवा असतो. दिवसभरात एक चूक झाली, तरी तीच वर जाऊन बसते.

त्याआधीचे पाच ठिपके मात्र ओळीत, जवळजवळ सारख्या अंतरावर होते. दहा सेकंदांत सुमारे ८८० फूट, म्हणजे ताशी ६० मैल.

मी दोघांना समोर बसवलं. वडिलांना म्हटलं, “तो खोटं बोलला नाही.” मुलाला म्हटलं, “पण तू पन्नासनं चालला नव्हतास. काटा दहानं चुकतो तो भुसभुशीत बर्फात. त्या रात्री बर्फ घट्ट होता आणि काटा जवळपास खरं सांगत होता.” पन्नास आणि साठ यांत फरक दहाचाच वाटतो, पण धडकेचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे ४४ टक्क्यांनी जास्त. साठच्या वेगात दर सेकंदाला ८८ फूट मागं पडतात. उंचवटा दिसून हात ब्रेकवर जायला दीड सेकंद लागला, तर तेवढ्यातच १३२ फूट संपले.

काका बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, “दहा जास्त दाखवतो, असं मीच त्याला सांगितलं होतं. कुठल्या बर्फावर, ते सांगायचं राहिलं.” आणि उठून त्यांनी मुलासाठी कॉफी ओतली.

आज आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये जीपीएस आहे. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर शेजारी बसलेलं कोणी ना कोणी फोन दाखवून म्हणतं, “गाडीचा काटा शंभर म्हणतो, फोन चौऱ्याण्णव, दाब थोडी अजून.” मोटारीचा काटा कधीही कमी दाखवू नये, थोडा जास्त चालेल, असा संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियमांचाच दंडक आहे. तो जास्तीचा आकडा आपल्या भल्यासाठी राखलेला असतो. आणि बोगद्यात शिरल्यावर फोनला आभाळच दिसत नाही.

प्रत्येक उपकरण चुकतं, पण त्यानं काही बिघडत नाही. ते कशामुळे, कधी आणि किती चुकतं हे माहीत नसताना आपण मनानं वजाबाकी करायला लागलो, की बिघडतं. त्या रात्री मुलानं केलेली वजाबाकी गणिताच्या दृष्टीनं अगदी बरोबर होती. फक्त ती दुसऱ्या बर्फाची होती.