आगरकर आणि आपलं हळदीकुंकू


गोपाळ गणेश आगरकर जन्मले कऱ्हाडजवळच्या टेंभूत, पण मॅट्रिक झाले अकोल्यातून. आपला वाशीम १९९८पर्यंत अकोला जिल्ह्यातच होता. म्हणजे ते आपलेही म्हणा ना! ते ‘केसरी’चे पहिले संपादक. सामाजिक सुधारणांवरून टिळकांशी पटेना, तेव्हा ‘केसरी’ सोडून १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ काढलं. विधवांच्या केशवपनावर कडाडून लिहिलं. विरोधकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी लेखणी थांबली नाही. १८९५ साली, ३९व्या वर्षी ते गेले.

केशवपन संपलं. पण सोसायटीच्या हळदीकुंकवाला नवरा गेलेल्या आपल्या भगिनी अजून घरातच बसतात. यंदा संक्रांतीला पहिलं बोलावणं त्यांना. मी स्वतः दारोदार जाणार आहे. सोबत कोण येतंय?