हात त्यांचा, हात माझा

(वाशीम जिल्ह्यातील महिला मेळाव्यात रिसोड तालुक्यातील एका कार्यकर्तीने केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. घरात घडलं तेवढं सांगते.

गेल्या वर्षी आमच्या ह्यांच्या उजव्या हाताचं ऑपरेशन झालं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर व्हायची, रात्री मुंग्या यायच्या. मनगटात एक घट्ट पट्टा असतो, त्याखालून नस जाते. ती दबली होती. हात तेवढा बधिर करून डॉक्टरांनी पट्टा कापला, नस मोकळी केली. संध्याकाळी आम्ही घरी. सांगितलं, हात उंच ठेवा, बोटं हलवत राहा, टाके दोन आठवड्यांनी काढू, महिनाभर जड उचलू नका.

दिवस सोयाबीन सोंगणीचे. ह्यांचा हात उशीवर आणि माझे दोन्ही हात कामात. धार, चारा, मजुरांचा हिशेब, शिवाय स्वयंपाक, धुणं, पाहायला येणाऱ्यांचा चहा. ह्यांच्या सदऱ्याची बटणंही मीच लावायची. त्याची तक्रार नाही. आजारी माणसाला आराम हवाच.

पण एक गोष्ट सलते. तपासताना डॉक्टरांनी ह्यांना विचारलं होतं, "रात्री उठून हात झटकावा लागतो का?" मी शेजारीच बसले होते. तीन वर्षं मी रात्री उठून हात झटकत होते! भाकरी थापताना बोटं कळेनाशी व्हायची, कप हातातून सुटायचा. तरी मी गप्प राहिले. बाईचा हात कामानं दुखतोच, असं माझ्याच डोक्यात बसलेलं. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो, हे मला नंतर कळलं.

टाके निघायच्या आदल्या रात्री मी हात झटकत बसले होते. हे जागे झाले. म्हणाले, "तुह्याबी हाताले मुंग्या येतेत? मंग काऊन नाही सांगतलं?"

मी म्हटलं, "तुमी कधी इचारलं?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. सकाळी ह्यांनी डाव्या हातानं चहा ठेवला. अर्धा उतू गेला. सासूबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मी उठले नाही. न उठणं मला फार जड गेलं, हेही सांगते.

मग मीही तपासून घेतलं. साखर आणि थायरॉईड बघितलं. रात्री मनगटाला पट्टी बांधायला दिली आहे. उतरलं नाही तर ऑपरेशन. फार उशीर केला तर अंगठ्याखालचं मांस झिजतं, पकड जाते.

ऑपरेशन लहानच आहे. मोठा प्रश्न पुढच्या महिन्याचा. माझा हात उशीवर असेल तेव्हा भाकरी कोण थापणार? सरकारनं 2019 साली वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला 299 मिनिटं जातात, पुरुषाची 97. त्या 299 मिनिटांना रजा नाही. म्हणून बाई ऑपरेशन पुढे ढकलते, नाहीतर टाके ओले असतानाच पीठ मळायला बसते.

ह्यांनी कबूल केलंय, महिनाभर चूल ते सांभाळतील. सांभाळतात की नाही, ते पुढच्या मेळाव्यात सांगीन.

आज एवढंच करा. गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की एकमेकींना विचारा, रात्री हात कुणाकुणाला झटकावा लागतो? आपल्याला कुणी विचारत नाही. निदान आपण तरी विचारू.