खाडीत होडी घालण्यापूर्वी पाण्याचा हिशेब

(कसबा पेठ, पुणे येथे कोकणातील शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



या कसबा पेठेच्या कडेने मुठा वाहते. ती चढते खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर, आणि ते कधी सोडतील हे पंचांगात नसते. तुमची खाडी मात्र चंद्र-सूर्याच्या ओढीने चढते-उतरते, म्हणून तिची वेळ आधी काढता येते. पेंढा, भाताची पोती, आंब्याच्या पेट्या होडीने नेणाऱ्यांनी हा हिशेब शिकावाच. भरलेली होडी ओहोटीत वाळूच्या दांड्यावर बसली की भरती येईपर्यंत सुटत नाही. तेथे लाटा असतील तर आडवी होऊन उलटते.

वेळेचा ठोकताळा आपल्या वाडवडिलांचा आहे: तिथीची पाऊणपट. अमावास्या-पौर्णिमेला मुंबईकडे पूर्ण भरती बाराच्या सुमारास येते. चतुर्थीला तीनच्या, अष्टमीला सहाच्या सुमारास. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. दक्षिण कोकणात भरती थोडी आधी येते, खाडीत आत उशिरा पोहोचते.

परंतु वेळ कळली म्हणजे खोली कळली असे नाही. उधाणाला पाणी खूप चढते आणि तितकेच उतरते; अष्टमीच्या आसपास, भांगाला, फरक कमी असतो. दिवसाच्या दोन भरत्याही सारख्या नसतात. म्हणून उंची जवळच्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्यावी.

मधल्या तासांसाठी बारा हिश्श्यांचा नियम वापरावा. भरती-ओहोटीतील फरकाचे बारा भाग करा. पाणी सहा तासांत अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ भाग उतरते. समजा, रायगडच्या किनाऱ्यावर १२ वाजता भरती ४.४ मीटर आणि ६ वाजता ओहोटी ०.८ मीटर आहे. फरक ३.६, एक भाग ०.३ मीटर. मग १ वाजता ४.१, २ वाजता ३.५, ३ वाजता २.६ आणि ४ वाजता १.७ मीटर.

आता दांड्याची उंची. शांत पाण्यात ३ वाजता त्यावर खुणा केलेला बांबू टेकवला आणि १.६ मीटर पाणी भरले, तर दांडा तक्त्याच्या शून्यापेक्षा १ मीटर उंच आहे. भरलेली होडी ०.८ मीटर बुडत असेल आणि लाटेसाठी अर्धा मीटर राखला, तर १.३ मीटर पाणी हवे. तीनला ते आहे, चारला ०.७ मीटरच उरते, होडी रुतते. मधल्या दोन तासांत पाणी सर्वांत वेगाने जाते, ‘अजून अर्धा तास थांबू’ म्हणणारा तेथेच फसतो.

पावसाळ्यानंतर दांडा जागा बदलतो, तेव्हा बांबू पुन्हा टेकवावा. जोराचा वारा आणि नदीचा पूर हे तक्त्यात नसतात. अशा दिवशी गणित बरोबर आले तरी होडी किनाऱ्यालाच ठेवावी.