चौतीस गुणांचा विजय

अमेरिकेंत बोस्टन शहरीं एका रेल्वे स्टेशनाच्या माथ्यावर बांधलेलें एक जुनें क्रीडागृह होतें. त्याचें नांव बोस्टन गार्डन. १९९५ सालीं तें बंद झालें व पुढें पाडण्यांतहि आलें. पण २७ मे १९८५ ह्या दिवशीं तेथून बाहेर पडलेल्या हजारों प्रेक्षकांच्या आनंदाला पारावार राहिला नव्हता. धंदेवाईक बास्केटबॉलच्या अजिंक्यपदासाठीं चाललेल्या अंतिम मालिकेंतील तो पहिला सामना. आणि त्यांत बोस्टनच्या 'सेल्टिक्स' संघानें लॉस एन्जेलिसच्या 'लेकर्स' संघाचा १४८ विरुद्ध ११४ असा, म्हणजे तब्बल ३४ गुणांनीं, फडशा पाडला होता. युद्धांत कामीं आलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या सुटीचा तो दिवस होता. त्यावरून ह्या सामन्याला पुढें 'स्मृतिदिनाचें हत्याकांड' असेंच नांव पडलें.

ज्या श्रोत्यांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. बास्केटबॉलचा जन्म बोस्टन ज्या राज्यांत आहे त्याच मॅसॅच्युसेट्स राज्यांतला. १८९१ च्या डिसेंबरांत स्प्रिंगफील्ड येथील जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें तो शोधून काढला. भिंतीला टांगलेल्या टोपलींत चेंडू टाकावयाचा, एवढीच मूळ कल्पना. आणि पहिल्या सामन्यांत सबंध वेळांत मिळून चेंडू एकदांच टोपलींत पडला. आतांचा धंदेवाईक सामना बारा बारा मिनिटांच्या चार भागांचा असतो. दोन्ही संघांचे मिळून दोनशें गुण होणें ही नित्याची गोष्ट आहे, आणि तुल्यबळ संघांतील लढतीचा निकाल पुष्कळदां पांच-दहा गुणांनीं लागतो. अंतिम मालिका अधिकांत अधिक सात सामन्यांची. जो संघ चार सामने आधीं जिंकील तो विजेता. ह्या हिशोबांत ३४ गुणांनीं मिळालेला जय व एका गुणानें मिळालेला जय ह्यांची किंमत अगदीं सारखी आहे. सामना संपला कीं ते जास्तीचे गुण तेथेंच सोडून पुढें जावें लागतें.

परंतु रसिकांच्या मनाला हा हिशोब सहसा मानवत नाहीं. विजय निसटता असला म्हणजे 'दैवानें हात दिला' एवढें कारण त्याला पुरतें. विजय प्रचंड असला म्हणजे त्याच्यामागें कांहीं तरी प्रचंड कारण असलेंच पाहिजे असें वाटूं लागतें. मग चिकित्सा सुरू होते, आणि तिच्यांत तीन निदानें जवळजवळ ठरलेलीं असतात. बोस्टनच्या त्या विजयालाहि तीं येऊन चिकटलीं.

पहिलें निदान बळाचें: जिंकलेला संघ मुळांतच एवढा श्रेष्ठ आहे कीं उरलेले सामने म्हणजे केवळ उपचार. दुसरें निदान स्वभावाचें: हरलेला संघ कचखाऊ आहे, दंडेलीपुढें तो टिकत नाहीं. आदल्याच वर्षीं, १९८४ मध्यें, लेकर्स ह्याच सेल्टिक्सकडून सात सामन्यांच्या मालिकेंत हरलेले असल्यामुळें ह्या निदानाला आयताच आधार मिळाला. तिसरें निदान सर्वांत कठोर होतें, कारण तें एका माणसाविषयीं होतें. लेकर्सचा करीम अब्दुल-जब्बार हा ७ फूट २ इंच उंचीचा खेळाडू. एप्रिल १९८४ मध्यें धंदेवाईक बास्केटबॉलमधील सर्वाधिक गुणांचा विक्रम त्यानें आपल्या नांवावर केला होता. मे १९८५ मध्यें त्याला ३८ वें वर्ष पुरें झालेलें होतें. त्या दिवशीं त्याला अवघे १२ गुण मिळाले, आणि टोपलीवरून हुकून परत आलेला चेंडू त्याच्या हातीं लागला तो केवळ ३ वेळां. त्याच्या समोर उभा असलेला बोस्टनचा रॉबर्ट पॅरिश त्याच्याहून सहा वर्षांनीं लहान होता. वृत्तपत्रांनीं व रसिकांनीं निर्णय देऊन टाकला: करीम म्हातारा झाला, त्याचे दिवस संपले.

आतां ह्या निदानांची थोडी छाननी केली पाहिजे. १४८ गुण कसे झाले हें पाहूं जातां प्रथम नजर जाते ती बोस्टनच्या स्कॉट वेडमनकडे. हा राखीव खेळाडू. त्यानें ११ वेळां टोपलीचा वेध घेतला आणि अकराहि वेळां चेंडू आंत गेला. त्यांतील ४ वेध लांब पल्ल्याचे, प्रत्येकीं तीन गुणांचे होते. एरव्हीं चांगल्या खेळाडूचेहि निम्म्याच्या आसपासच वेध साधतात. वेडमनचें कौशल्य खोटें नव्हतें. पण अकरांपैकीं अकरा हा आंकडा कौशल्याला त्या दिवसाच्या अनुकूलतेची जोड मिळाली तेव्हां उमटलेला आहे. तो पुढच्या सामन्याच्या भांडवलांत धरतां येत नाहीं.

दुसरी गोष्ट मध्यंतराची. मध्यंतराला बोस्टनचे ७९ व लेकर्सचे ४९ गुण होते. म्हणजे ३० गुणांचें अंतर पहिल्या २४ मिनिटांतच पडलें होतें. उत्तरार्धांत बोस्टननें ६९ व लेकर्सनीं ६५ गुण केले. उत्तरार्ध स्वतंत्र सामना धरला तर तो चारच गुणांनीं सुटला असें म्हणावें लागेल. अर्थात् हाहि आंकडा जपूनच वापरला पाहिजे. निकाल ठरून गेल्यावर प्रमुख खेळाडूंना विश्रांति मिळते, राखीव खेळाडू उतरतात आणि खेळांतली धार जाते. तथापि 'चौतीस' ह्या शब्दानें डोळ्यांपुढें जें सलग चित्र उभें राहतें, तसें प्रत्यक्षांत घडलें नव्हतें, एवढें तरी त्यावरून स्पष्ट होतें. मृगाच्या एका सरीवरून सुगीचें माप ठरविणारा शेतकरी आणि एका पूर्वार्धावरून अजिंक्यपद वांटून देणारा रसिक, दोघांचाहि उतावळेपणा एकाच जातीचा.

मग त्या पराभवांत खरें असें कांहींच नव्हतें काय? होतें. लेकर्सचा खेळ वेगाचा होता. प्रतिपक्षाचा वेध हुकला कीं चेंडू हस्तगत करावयाचा आणि त्याचे खेळाडू सांवरण्यापूर्वीं दुसऱ्या टोंकाला पोंचावयाचें, हें त्यांचें मुख्य शस्त्र. त्यासाठीं आधीं चेंडू हातीं यावा लागतो. आणि संघांतील सर्वांत उंच माणसाला सबंध सामन्यांत तीनच वेळां तो मिळाला, तर शस्त्र म्यानांतच राहणार. हा दोष खरा होता, पुढील सामन्यांतहि तो टिकून राहण्याचा संभव होता, आणि मुख्य म्हणजे त्याच्यावर उपाय करतां येण्यासारखा होता. वय कमी करतां येत नाहीं. परंतु चेंडूसाठीं किती धांवावें हें माणसाच्या हातांत असतें.

त्या सामन्याची खरी चिकित्सा केली ती हरलेल्यांनीं. लेकर्सचा मार्गदर्शक पॅट राइली ह्यानें सामन्याचें चित्रण संघापुढें ठेवलें आणि कोणाचीहि भीड न धरतां एकेक चूक दाखविली. अशा वेळीं करीम एरव्हीं मागच्या बाजूस बसत असे. त्या दिवशीं तो पुढें येऊन बसला. त्यानें सहकाऱ्यांची क्षमा मागितली व मधल्या दिवसांत कसून मेहनत केली. दुसऱ्या सामन्याला निघतांना त्यानें आपल्या वडिलांना संघाच्या गाडींतून बरोबर नेण्याची परवानगी मागितली. ती गाडी केवळ संघाची असे. तरीहि राइलीनें ती परवानगी दिली.

३० मे रोजीं, त्याच क्रीडागृहांत, करीमनें ३० गुण केले, १७ वेळां परतलेला चेंडू पकडला, आपल्या फेंकीनें सहकाऱ्यांना ८ वेळां टोपली साधून दिली, आणि प्रतिपक्षाचे ३ वेध वरच्या वर अडविले. लेकर्स १०९ विरुद्ध १०२ असे, सात गुणांनीं, जिंकले. मालिका एक-एक अशी बरोबरींत आली. चौतीसांना सातांनीं फेडलें!

ह्यांतील विशेष असा कीं, बोस्टनच्या रसिकांना हा धडा नवा नव्हता. एकच वर्षापूर्वीं तो त्यांनीं उलट्या बाजूनें अनुभविला होता. ३ जून १९८४ रोजीं लॉस एन्जेलिस येथें लेकर्सनीं मालिकेंतील तिसरा सामना १३७ विरुद्ध १०४ असा, ३३ गुणांनीं जिंकला. मॅजिक जॉन्सन ह्यानें एकट्यानें २१ वेळां सहकाऱ्यांना टोपली साधून दिली. त्या वेळीं सेल्टिक्सविषयीं तेंच बोललें जाऊं लागलें होतें, जें पुढच्या वर्षीं लेकर्सविषयीं बोललें गेलें. संतापलेल्या लॅरी बर्डनें तर आपल्याच संघाची जाहीरपणें निर्भर्त्सना केली. चौथा सामना आडदांडपणाचा झाला. केव्हिन मकहेलनें धांवत आलेल्या कर्ट रॅम्बिसला आडव्या हातानें खालीं पाडल्याचा प्रसंग त्यांतलाच. तो सामना जादा वेळांत सेल्टिक्सनीं चार गुणांनीं जिंकला आणि शेवटीं मालिकाहि ४-३ अशी जिंकली. म्हणजे लागोपाठ दोन वर्षें, मालिकेंतील सर्वांत मोठा विजय ज्या संघानें मिळविला, त्याच संघाला शेवटीं अजिंक्यपद अंतरलें.

ह्याहून विलक्षण उदाहरण १९५६ सालचें आहे. लेकर्स तेव्हां मिनियापोलिसचे होते. सेंट लुईच्या 'हॉक्स' संघाशीं त्यांची तीन सामन्यांची मालिका झाली. पहिला सामना हॉक्सनीं ११६ विरुद्ध ११५ असा जिंकला. दुसरा, १९ मार्च रोजीं, लेकर्सनीं १३३ विरुद्ध ७५ असा, ५८ गुणांनीं जिंकला. तिसरा पुन्हां हॉक्सनीं ११६ विरुद्ध ११५ असाच जिंकला! तिन्ही सामन्यांची बेरीज केली तर लेकर्सचे ५६ गुण अधिक भरतात. पण घरीं गेले ते लेकर्स.

ह्यावरून कोणी असा उलटा सिद्धांत काढील कीं, मोठा विजय हा अपशकुनच होय; तर तेंहि बरोबर नाहीं. १९९८ सालीं शिकागोच्या 'बुल्स' संघानें अंतिम मालिकेच्या तिसऱ्या सामन्यांत युटाच्या संघाला ९६ विरुद्ध ५४ असें लोळविलें आणि अजिंक्यपदहि मिळविलें. २००९ सालीं डेन्व्हरनें न्यू ऑर्लिअन्सवर ५८ गुणांनींच मात केली आणि ती मालिकाहि सहज जिंकली. परंतु शिकागोच्या मालिकेंतील बाकीचे पांच सामने पाहावेत: ते ३, ५, ४, २ आणि १ अशा गुणांनीं सुटले. ४२ गुणांनीं जिंकणाऱ्या संघाला शेवटचा सामना ८७ विरुद्ध ८६ असा, मायकेल जॉर्डननें अखेरच्या क्षणांत साधलेल्या वेधावर, जिंकावा लागला. ज्या युटा संघाची ५४ गुणांवरून थट्टा झाली, तो शेवटपर्यंत एका टोपलीच्या अंतरावर उभा होता.

तेव्हां गुणांचें अंतर अगदींच निरर्थक आहे असेंहि नव्हे. सबंध हंगामांतील ८२ सामन्यांची सरासरी काढली तर कोणता संघ बलवान् हें तें अंतर बरेंच खात्रीनें सांगतें, कारण तेवढ्या सामन्यांत अनुकूल दिवस व प्रतिकूल दिवस एकमेकांना खाऊन टाकतात. एका सामन्यांत ते तसे खाल्ले जात नाहींत. म्हणून विचारी रसिक मोठ्या विजयानंतर दोन प्रश्न निरनिराळे विचारतो: ह्यांतील उद्यां पुन्हां घडेल असें काय, आणि केवळ आज घडून गेलें असें काय? पहिल्या प्रश्नाचें उत्तर नेहमीं थोडक्यांत असतें व तें शोधावें लागतें. दुसऱ्याचें उत्तर विपुल असतें, आणि तेंच अधिक मोठ्यानें बोललें जातें.

आणि संघाविषयीं चुकीचा निर्णय दिला तर फारसें कांहीं बिघडत नाहीं. पुढचा सामना तो दुरुस्त करतो. माणसाविषयीं दिलेला निर्णय त्या माणसाला अंगावर वागवावा लागतो. ३८ वर्षांच्या खेळाडूचा एक वाईट दिवस हा त्याचा शेवटच मानला जातो. २५ वर्षांच्या खेळाडूचा तसाच दिवस कोणी दुसऱ्या आठवड्यांत आठवीतहि नाहीं.

१९८५ ची ती मालिका ९ जून रोजीं संपली. त्याच बोस्टन गार्डनमध्यें लेकर्सनीं सहावा सामना १११ विरुद्ध १०० असा जिंकला, आणि मालिका ४-२ अशी जिंकली. त्यापूर्वीं आठ वेळां ते अंतिम मालिकेंत सेल्टिक्ससमोर उभे राहिले होते व आठहि वेळां हरले होते. मालिकेंतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान करीम अब्दुल-जब्बार ह्याला मिळाला. तोच मान त्याला पूर्वीं १९७१ मध्यें, १४ वर्षांमागें, मिळालेला होता. ज्याचे दिवस संपले असें २७ मे रोजीं ठरलें होतें, तो त्यानंतर आणखी चार वर्षें खेळला, आणखी दोन अजिंक्यपदांचा वांटेकरी झाला, आणि १९८९ मध्यें वयाच्या ४२ व्या वर्षीं स्वतःच्या इच्छेनें निवृत्त झाला.