कोंडणाऱ्याला जाब विचारणारा हुकूम

(पार्से येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

हेबियस कॉर्पसचा हुकूम कैद्याच्या नावे निघत नाही, तो कोंडून ठेवणाऱ्याच्या नावे निघतो. ‘अमक्याला कोर्टापुढे हजर करा आणि कोणत्या अधिकाराने अडकवलंत ते लिहून द्या’, एवढंच त्यात असतं. कैदी दोषी की निर्दोष, हे तिथे पाहत नाहीत. पण कोंडणारा त्या कोर्टाला उत्तर द्यायला बांधील आहे का?

1828 साली मुंबईत नेमकी यावरूनच जुंपली. पेशवाई बुडून दहाच वर्षं झाली होती. मुंबई बेटावर ब्रिटिश राजाच्या सनदेचं सुप्रीम कोर्ट होतं, ठाण्या-पुण्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या अदालती. बापू गणेश ठाण्याच्या तुरुंगात होता. मोरो रघुनाथ हा पुण्याचा चौदा वर्षांचा मुलगा. त्याचे पालक पांडुरंग रामचंद्र यांनी त्याला अडकवून ठेवल्याची तक्रार होती. दोघांसाठीही सुप्रीम कोर्टाचे दरवाजे ठोठावले गेले.

गव्हर्नर सर जॉन माल्कम बिथरले. पुण्याच्या सरदारांना कंपनीच्या वर आणखी कुणी आहे असं कळलं, तर नव्या मुलखात वचक राहणार कसा? 3 ऑक्टोबरला त्यांनी कौन्सिलसह न्यायाधीशांना पत्र धाडलं: बेटाबाहेर असले हुकूम चालू देणार नाही. मुख्य न्यायाधीश वेस्ट ऑगस्टमध्येच वारले होते, दुसरे न्यायाधीश चेंबर्स त्याच ऑक्टोबरात वारले. उरले एकटे सर जॉन पीटर ग्रँट. पुण्यात आपला हुकूम कुणी मानीना म्हटल्यावर एप्रिल 1829 मध्ये त्यांनी चक्क कोर्टाचं कामकाजच बंद केलं!

लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मे महिन्यात ग्रँटविरुद्ध कौल दिला. कंपनीच्या अदालतीने डांबलेल्याला सोडवणं सुप्रीम कोर्टाच्या हातात नाही, आणि अदालतीच्या तुरुंगाधिकाऱ्याला त्या नात्याने हुकूमही देता येत नाही.

हे झालं कंपनीच्या मुलखात. आपलं पार्से ज्यात येतं तो पेडणे महाल मात्र 1788 पासून पोर्तुगीजांकडे होता. खुद्द पोर्तुगालच्या घटनेत हा उपाय आला 1911 साली.

मुंबईत प्रश्न कोंडणाऱ्याचा होता; अमेरिकेच्या सरहद्दीवर तर अर्जदाराची पात्रताच वादात सापडली. पोंका या मूलनिवासी ‘इंडियन’ जमातीला सरकारने नेब्रास्कातून दक्षिणेला हलवलं होतं. मेलेल्या मुलाचं दफन आपल्या भूमीत करायचं म्हणून मुखिया स्टँडिंग बेअर 1879 च्या थंडीत मूठभर माणसं घेऊन परत निघाला आणि पकडला गेला. हुकूम निघाला त्याला ताब्यात ठेवणाऱ्या जनरल क्रूक यांच्या नावे. इंडियन हा कायद्याच्या दृष्टीने ‘व्यक्ती’च नाही, असं सरकारी वकिलाचं म्हणणं. न्यायाधीश डंडी यांनी ते फेटाळलं आणि त्याला मोकळं केलं. क्रूकना त्या कोर्टापुढे उत्तर द्यावंच लागलं. ठाण्याच्या तुरुंगाधिकाऱ्यावर प्रिव्ही कौन्सिलने तशी सक्ती मानली नव्हती.

स्वतंत्र भारतात घटनेच्या 226 व्या कलमाने उच्च न्यायालयांना हा अधिकार दिला. आणीबाणीत मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांचे अर्ज ऐकता येतात असं म्हटलं, पण 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते उलटवलं. विरोधी मत न्या. ह. रा. खन्ना यांचं. बहुमतातले एक न्या. यशवंत चंद्रचूड, तो निकाल 2017 मध्ये चुकीचा ठरवणाऱ्या खंडपीठात त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. मधल्या काळात, 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही कलम 21 स्थगित करता येणार नाही अशी तजवीज झाली.

1982 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ गोव्यातच आहे. पेडण्याचा माणूस बेकायदा अडकला, तर त्याची सहीसुद्धा लागत नाही. बायको, भाऊ किंवा मित्रही त्याच्यासाठी अर्ज करू शकतो.